कपॅसिटर फुटतो तेव्हा दोष कुणाचा?

कारखान्यातला कपॅसिटर फुगला की निदान ठरलेले असते: माल हलका निघाला. मग दुसऱ्या कंपनीचा आणतात. तो आठ-दहा महिन्यांत जातो, की तिसऱ्या कंपनीचा. दरम्यान बिलात पॉवर फॅक्टर घसरलेला दिसतो, म्हणून पॅनेलमध्ये आणखी दोन स्टेप वाढवल्या जातात आणि फुटणाऱ्या कपॅसिटरांची संख्याही वाढते. यामागे एक समज आहे. पॉवर फॅक्टर कमी असेल तर कपॅसिटर वाढवा, टिकत नसेल तर भारीतला घ्या, आणि हार्मोनिक्स नावाचे काही असलेच तर ती बोर्डाच्या लाईनीतून येणारी घाण आहे, फिल्टर बसवला की गाळून निघते. औद्योगिक वसाहतींतले कंत्राटदार हेच सांगतात, मालक हेच मानतात, आणि शिकलेसवरलेले इंजिनिअरही वेळ नसला की हेच सही करून देतात. गेली कित्येक वर्षे मी मीटर घेऊन पॅनेलांपुढे उभा राहतो आहे. हा समज मला चुकीचा वाटतो, आणि त्यापायी माणसे उगाच पैसे घालवतात हे पाहवत नाही, म्हणून हा लेख.

पूर्वपक्ष आधी न्यायाने मांडला पाहिजे. कारखान्यातला लोड म्हणजे इंडक्शन मोटारी, वेल्डिंगचे ट्रान्सफॉर्मर आणि चोकच्या ट्यूबलाइट एवढाच होता, तेव्हा हा समज अगदी बरोबर होता. मोटारीला चुंबकीय क्षेत्र उभे करायला जो मागे रेंगाळणारा करंट लागतो, तो कपॅसिटर जागच्या जागी पुरवतो. केबल आणि ट्रान्सफॉर्मरवरचा भार उतरतो, बिल उतरते. महाराष्ट्रात नियामक आयोगाच्या आदेशाने १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना आणि २० किलोवॉटवरच्या अनेक लघुदाब ग्राहकांना केव्हीएएचवर बिल येऊ लागले, तेव्हापासून तर पॉवर फॅक्टरचा प्रत्येक शतांश पैशांत मोजला जातो. अशा वेळी कपॅसिटर वाढवा म्हणणारा कंत्राटदार ग्राहकाच्या भल्याचेच बोलत असतो. बाजारात हलका माल नाही, असेही नाही. उष्णता, कोंदट पॅनेल, ढिले लग यांनी चांगला कपॅसिटरही मरतो.

पण लोड बदलला. त्याच मोटारींच्या मागे आता व्हीएफडी, म्हणजे वेग बदलणारे ड्राइव्ह, बसले आहेत, भट्ट्या इंडक्शनच्या झाल्या, दिवे एलईडीचे, आणि ऑफिसात जिकडेतिकडे यूपीएस. यातले बहुतेक सगळे आधी एसीचे डीसी करतात. साध्या ड्राइव्हच्या पुढच्या टोकाला सहा डायोड असतात. व्होल्टेजची लाट माथ्याशी आली की ते उघडतात, घोटाघोटाने करंट ओढतात आणि पुन्हा मिटतात. व्होल्टेज गोलाईने चढते-उतरते, करंट मात्र दोन सुळके असलेला, तुटक. फ्रेंच गणिती फूरिये याने उष्णतेचा अभ्यास करताना १८०७ मध्ये जे मांडले आणि १८२२ च्या ग्रंथात विस्ताराने सांगितले, ते इथे लागू पडते. ठरावीक काळाने तशीच परत येणारी लाट कितीही वेडीवाकडी असली, तरी ती मूळ लाट आणि तिच्या पटीतल्या शुद्ध लाटा यांची बेरीज असते. या पटीतल्या लाटा म्हणजेच हार्मोनिक्स. सहा डायोडच्या ड्राइव्हमध्ये या पटी ५, ७, ११, १३ अशा येतात, म्हणजे २५०, ३५०, ५५०, ६५० हर्ट्झ. आदर्श हिशेबात पाचवा हार्मोनिक मूळ करंटच्या २० टक्के आणि सातवा सुमारे १४ टक्के निघतो. चोक नसलेल्या ड्राइव्हमध्ये प्रत्यक्षातले आकडे याहून बरेच मोठे असतात.

गाणे ऐकणाऱ्याला ही गोष्ट अनोळखी नाही. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो स्वयंभू गंधार म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा स्वर, पाचवा हार्मोनिकच. तारेत तो असतोच, जवारी त्याला वर आणते. विजेच्या जाळ्यातही जवारीची अशी एक जागा असते, आणि बहुतेक वेळा ती आपणच कपॅसिटर बसवून तयार केलेली असते. माझा सगळा आक्षेप पुढच्या दोन वाक्यांत येतो. हार्मोनिक करंट निर्माण करतो लोड. पण त्या करंटने किती नासधूस करायची, हे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून ठरवतात.

कसे, ते पाहू. ट्रान्सफॉर्मर हा हार्मोनिक करंटच्या दृष्टीने एक इंडक्टन्स आहे. फ्रिक्वेन्सी वाढेल तसा त्याचा विरोध वाढतो. कपॅसिटरचे उलट आहे, पाचव्या हार्मोनिकला त्याचा विरोध पाचपट कमी. दोघे समांतर जोडले की कुठल्या तरी एका फ्रिक्वेन्सीला दोघांचे विरोध सारखे होतात, आणि तिथे थोडासा हार्मोनिक करंटही दोघांच्या मधे झोपाळ्यासारखा झुलत मोठा होतो. हाच अनुनाद, ज्याला सगळे रेझोनन्स म्हणतात. ती जागा काढायला कॉम्प्युटर लागत नाही. ट्रान्सफॉर्मरचे केव्हीए त्याच्या टक्के इम्पीडन्सने भागले की शॉर्टसर्किट केव्हीए मिळतात. त्यांना कपॅसिटरच्या केव्हीएआरने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. ५०० केव्हीएचा, ५ टक्क्यांचा ट्रान्सफॉर्मर घ्या. शॉर्टसर्किट केव्हीए १०,०००. त्यावर २०० केव्हीएआर जोडले तर भागाकार ५०, वर्गमूळ ७.०७. म्हणजे अनुनाद नेमका सातव्या हार्मोनिकवर. ४०० केव्हीएआर जोडले तर २५ चे वर्गमूळ ५, नेमका पाचव्यावर. १०० जोडले तर १०, जिथे ड्राइव्हचा कुठलाच हार्मोनिक नाही.

हे आकडे मी सोयीसाठी निवडलेले नाहीत. कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मला असाच पॅनेल भेटला. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, २५ केव्हीएआरच्या आठ स्टेप, त्या गरजेप्रमाणे आपोआप चालू-बंद करणारा एपीएफसी रिले. दोन वर्षांपूर्वी ड्राइव्ह बसवले, आणि तेव्हापासून कपॅसिटर जात होते. कारखान्याचे वायरमन मला पॅनेलच्या मागे घेऊन गेले. तीन डबे वरून फुगून गोल झाले होते, एकाच्या बुडाशी चिकट तेलाचा डाग. ते म्हणाले, "साहेब, दोन कंपन्यांचे झाले. आता तुम्हीच चांगली कंपनी सांगा बघा." मी विचारले, "रात्रपाळीला कधी फुटलाय का?" ते थोडे थांबून म्हणाले, "नाही. फुटतो तो दिवसाच. सकाळी सगळी मशीनं लागली की पॅनेल गुणगुणायला लागतो."

त्या एका उत्तरात अर्धे निदान होते. कपॅसिटर हलका असता तर त्याने दिवस-रात्र पाहिली नसती. मीटर जोडला. सगळ्या स्टेप बंद असताना व्होल्टेजमधली एकूण विकृती, म्हणजे मूळ लाटेच्या तुलनेत हार्मोनिक्सचे प्रमाण, ३ टक्क्यांच्या आसपास. चार स्टेप चालू केल्यावर ४ टक्क्यांच्या थोडी वर. आठही लागल्या तेव्हा १३ टक्के, आणि त्यातला मोठा वाटा सातव्याचा. २५ केव्हीएआरच्या एका डब्याला साधारण ३३ अँपिअर लागायला हवेत, तिथे ४४ चालले होते. मान्य मर्यादा नेमप्लेटच्या १.३ पट, म्हणजे ४३. एकाही ड्राइव्हला आम्ही हात लावला नव्हता. लोड तोच, लाईन तीच. फक्त स्टेप वाढल्या आणि विकृती चौपट झाली. दिवसा पूर्ण लोडला रिले आठही स्टेप लावायचा, म्हणजे रोज सकाळी स्वतःच्या हाताने कारखाना सातव्या हार्मोनिकवर नेऊन ठेवायचा. रात्री निम्मा लोड, चार स्टेप, अनुनाद दहाव्याला, सगळे शांत. या पॅनेलमध्ये जगातला सर्वांत भारी कपॅसिटर बसवला असता तरी तो थोडा उशिरा फुगला असता, एवढेच.

यावर कुणी म्हणेल, हा योगायोग, इतरांच्या पॅनेलात आकडे असे जुळणार नाहीत. पण एपीएफसीची रचनाच अशी आहे की आकडे कधीतरी जुळतातच. स्टेप एकेक करत लागतात तसा अनुनाद वरून खाली सरकत येतो, ११, ७, ५ यांच्यावरून जातो. प्रश्न एवढाच, की दिवसाचा जास्त वेळ तो कुठे मुक्काम करतो. शिवाय कारखाना जनरेटरवर गेला की गणित पुन्हा बदलते. जनरेटरचा अंतर्गत विरोध ट्रान्सफॉर्मरच्या दोन-तीनपट असतो. तोच २०० केव्हीएआरचा पॅनेल जनरेटरवर राहिला, तर अनुनाद सातव्यावरून घसरून चौथ्या-पाचव्याच्या मधे येतो. लाईट गेल्यावर जनरेटरवर यूपीएस कुरकुरतो, बायपासला जात नाही, अशी तक्रार येते तेव्हा जनरेटरवाल्याला फोन करण्याआधी कपॅसिटर बंद करून पाहावे. मी तरी हे आधी करतो, आणि बरेचदा तेवढ्याने भागते.

आता पॉवर फॅक्टरकडे येऊ, कारण सगळी धावपळ त्याच्यासाठी. पॉवर फॅक्टर दोन कारणांनी घसरतो: करंट मागे रेंगाळल्याने आणि करंटचा आकार बिघडल्याने. पहिल्यावर कपॅसिटर हा उपाय आहे. दुसऱ्यावर नाही. ड्राइव्हचा मूळ करंट फारसा रेंगाळतच नाही. त्याचा कोसाइन फाय ०.९८ पर्यंत असू शकतो. पण करंटमध्ये ८० टक्के विकृती असेल, तर खरा पॉवर फॅक्टर ०.७७ च्याही खाली येतो. पॅनेलच्या दारावरचा साधा रिले अनेकदा कोसाइन फायच दाखवतो. त्याचा आकडा आणि बिलाचा आकडा जुळत नाही, मग मालक रिले बदलतो, सीटी उलटसुलट करतो, स्टेप वाढवतो. ज्या लोडला रेंगाळलेला करंट नाही त्याला कपॅसिटर देणे म्हणजे ताप नसलेल्याला तापाची गोळी देणे. करंट पुढे पळू लागतो आणि केव्हीएएच पुन्हा वाढतात. तिथे औषध आहे ड्राइव्हच्या तोंडाशी ३ ते ५ टक्क्यांचा चोक. तो घोटाघोटाने ओढलेला करंट पसरवतो आणि विकृती बहुधा निम्म्यावर आणतो. किमतीने तो ड्राइव्हच्या मानाने किरकोळ असतो, पण कोटेशनमधून सर्वांत आधी तोच कापला जातो.

"घाण लाईनीतून येते" या समजाचे काय? त्यात तथ्य आहे, ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच अकरा केव्ही फीडरवर शेजारच्या फाउंड्रीची इंडक्शन भट्टी असेल, तर तिचे हार्मोनिक्स तुमच्या बसपर्यंत पोचतात, आणि तुमचे कपॅसिटर त्यांना सोपी वाट करून देतात. पण हे मत म्हणून मानायची गोष्ट नाही, तपासायची आहे. सुटीच्या दिवशी सगळा लोड बंद करा, कपॅसिटर बंद करा, आणि येणाऱ्या व्होल्टेजची विकृती मोजा. ती मोठी असेल तर तक्रार बाहेर करा. मग लोड बंदच ठेवून फक्त कपॅसिटर लावा. त्यांचा करंट नेमप्लेटपेक्षा जास्त आला, तर बाहेरचे हार्मोनिक्स आत ओढले जात आहेत. शेवटी लोड चालू करा. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन वेळा आकडे शांत होते आणि तिसऱ्या वेळी उसळले. बोर्ड आपल्याला व्होल्टेज देतो. करंटचा आकार आपला लोड ठरवतो.

हार्मोनिक्स हा इलेक्ट्रॉनिक्सने आणलेला नवा रोग आहे, हेही खरे नाही. अमेरिकेत हार्टफर्ड इथे १८९३ च्या सुमारास एक मोटार विनाकारण तापत होती. तेव्हा ना डायोड होते, ना ड्राइव्ह. जनरेटरची लाट शुद्ध नव्हती आणि तिच्यातल्या एका हार्मोनिकशी लाईनीचा अनुनाद जुळला होता. म्हणजे एसी वीज तान्ही असतानाच हा धडा शिकून झाला होता. आपल्याकडेही मोठ्या कामात तो पाळला जातो. चंद्रपूर ते पडघे या १५०० मेगावॉटच्या उच्चदाब डीसी वाहिनीसारख्या कामात हार्मोनिक्स आणि कपॅसिटर यांचा विचार एकत्रच होतो. अशा केंद्रांत एसी बाजूला जे फिल्टर असतात, तेच हार्मोनिक्सही खातात आणि रेंगाळलेला करंटही पुरवतात. पडघ्याला जे शास्त्र लागते तेच लहान कारखान्यालाही लागते, फरक फक्त आकड्यांचा.

न्यूट्रलबद्दलचा समज यापेक्षा जास्त धोक्याचा आहे, कारण तिथे आग लागते. तिन्ही फेज समतोल असले की न्यूट्रल मोकळी, हे आयटीआयपासून सगळ्यांच्या तोंडी बसले आहे. मूळ लाटेपुरते ते खरे आहे. एलईडी, कॉम्प्युटर अशा एका फेजवरच्या लोडमधून येणाऱ्या तिसऱ्या हार्मोनिकला मात्र हा नियम लागू नाही. तीन फेजमधले तिसरे हार्मोनिक एकाच वेळी चढतात, एकाच वेळी उतरतात, म्हणून न्यूट्रलमध्ये ते वजा होत नाहीत, त्यांची बेरीज होते. प्रत्येक फेजवर मूळ करंट ८० अँपिअर आणि तिसरा हार्मोनिक ४० असेल, तर फेजमध्ये खरा करंट ८९ च्या घरात, आणि न्यूट्रलमध्ये १२०. आणि आपण टाकतो साडेतीन कोअर केबल, जिची न्यूट्रल फेजच्या निम्मी. तिच्यावर ना फ्यूज असतो, ना ब्रेकर. इलेक्ट्रिशियन टाँग टेस्टर लावून पाहतो तर तोही फसवतो, कारण साधा मीटर सरासरी मोजून तिचा शुद्ध लाटेप्रमाणे आकडा करतो आणि टोकदार करंटला पुष्कळ कमी दाखवतो. ट्रू आरएमएस लिहिलेलाच मीटर वापरावा. त्यावर हर्ट्झचे बटण असेल तर न्यूट्रलला जबडा लावून ते दाबावे. ५० च्या जागी १५० आले, की पुढचे विचारायची गरज उरत नाही.

शेवटचा मुद्दा फिल्टरचा. हल्ली कुणी तरी तासभर मीटर लावतो, करंटची विकृती ७० टक्के दाखवतो आणि त्याच दिवशी अॅक्टिव्ह फिल्टरचे कोटेशन देतो. टक्केवारीला घाबरू नये. पूर्ण लोडवर १०० अँपिअर घेणाऱ्या ड्राइव्हची विकृती ३५ टक्के असेल, तर हार्मोनिक करंट ३५ अँपिअर. तोच ड्राइव्ह २० अँपिअरवर चालताना विकृती ८० टक्के दिसेल, पण हार्मोनिक करंट फक्त १६. टक्के दुपटीहून वाढले, त्रास निम्म्यावर आला. म्हणूनच आयईईई ५१९ या मानकात करंटची मर्यादा त्या क्षणीच्या करंटवर न धरता कमाल मागणीच्या करंटवर धरली आहे, आणि तीही आपला आणि पुरवठादाराचा जोड जिथे आहे तिथे मोजायची, एकेका यंत्राच्या तोंडाशी नाही. एक केव्हीपर्यंतच्या व्होल्टेजला तिथे एकूण ८ टक्के विकृतीची मुभा आहे, एकेका हार्मोनिकला ५ टक्क्यांची. अॅक्टिव्ह फिल्टर वाईट नाही. मोठे, सतत बदलणारे लोड एका ठिकाणी असतील तर त्याच्याइतके चांगले दुसरे काही नाही. पण अनुनाद तसाच ठेवून फिल्टर बसवणे म्हणजे गळकी टाकी तशीच ठेवून पंप मोठा घेणे आहे.

कोल्हापूरकडच्या त्या कारखान्यात आम्ही फिल्टर घेतला नाही. प्रत्येक स्टेपला ७ टक्क्यांचा रिअॅक्टर बसवला. त्याने कपॅसिटरची शाखा १८९ हर्ट्झला जुळते, आणि पाचव्याच्या वर कुठेही अनुनाद उरत नाही, मग स्टेप कितीही लागोत. रिअॅक्टरमुळे कपॅसिटरवरचे व्होल्टेज वाढते, ४४० चे ४७३ होते, म्हणून डबे ५२५ व्होल्टचे घेतले. हे न कळल्याने जुन्याच डब्यांना रिअॅक्टर जोडणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे डबे पुन्हा फुगतात. एलईडी आणि कॉम्प्युटरच जास्त असलेल्या इमारतीत तिसरा हार्मोनिक प्रबळ असतो, तिथे ७ टक्के चालत नाहीत, १४ टक्क्यांचा रिअॅक्टर लागतो. आठही स्टेप लावून विकृती पुन्हा मोजली तेव्हा ती ३ टक्क्यांच्या आत होती.

कारखानदारांना आणि त्यांच्या इलेक्ट्रिशियनांना माझी विनंती एवढीच आहे. पुढचा कपॅसिटर मागवण्याआधी सगळ्या स्टेप बंद असताना, निम्म्या चालू असताना आणि सगळ्या चालू असताना अशी तीन मापे घ्या आणि वेळेसह पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. ट्रान्सफॉर्मरचे केव्हीए आणि टक्के इम्पीडन्सही तिथेच लिहा. ते दोन्ही आकडे ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर कोरलेले असतात.